वरातीतली पाटीवाली

“पूस ते आधी, नायतर मांडवातून चालती हो,” नवरीचा बाप ओरडत होता. आवाज असा, की घाटातल्या रेल्वेवाल्यांनी सुरुंगाऐवजी त्यालाच कामावर ठेवला असता.

मी खालापुराहून लग्नाचे तांदूळ घेऊन बैलगाडीने ठाकरवाडीत आलो होतो. ओरडणं चाललं होतं एका म्हातारीवर. वाडीत लग्न निघालं की भिंतीवर तांदळाच्या पिठाची वरात तीच काढायची आणि काढलेल्या प्रत्येकाला गाण्यातून हाक मारायची. तिच्या हाकेसरशी भिंतीवरचा ढोलवाला घामाघूम व्हायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझे बैल साक्षीला होते.

त्या दिवशी वरातीच्या शेवटी तिने डोक्यावर दगडांची पाटी घेतलेली एक पोर काढली आणि तिलाही गाण्यातून हाक मारली, “चल गं पोरी, मांडव आला.”

म्हातारीची लेक घाटातल्या बोगद्यावर दगड वाहायला गेली होती आणि तिथेच गाडली गेली होती, हे वाडीला ठाऊक होतं.

“मेलेलीला वरातीत घेतीस, म्हातारे? माझ्या पोरीचं लगीन हाय,” बाप म्हणाला.

म्हातारीने तळवा पाण्यात बुडवला. आधी डोक्यावरची पाटी पुसली. जरा थांबली. मग पोर पुसली.

निघताना मी म्हटलं, “मावशे, पुसलीस कशाला? मला सांगायचंस, त्याला मांडवासकट उल्हास नदीत फेकला असता.”

हाताचं पीठ धूत ती म्हणाली, “नाय पुसलं, तर फुडच्या लग्नात तिला परत काढाया मला कोन बोलावंल?”