कंपनी द्यायला वॉलॉंगॉंगला

"मुलीला जरा कंपनी द्यायला चाललोय," असं मी चिंचवडात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. आमच्याकडे कंपनी म्हटलं की कारखाना. माझी उभी हयात कंपनीच्या टूलरूममध्ये गेली. त्यामुळे शेजारचे कुलकर्णी म्हणाले, "रिटायर झाल्यावर आता कुठली कंपनी धरलीत?" म्हटलं, मुलीची. मृणाल वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात नर्स आहे, एकटीच राहते. "बाबा, या. जमलं तर कायमचेच या," असं तिनं फोनवर सांगितलं होतं. कायमचं काय ते तिथं जाऊन ठरवू म्हटलं आणि बॅग भरली.

सिडनीहून ट्रेनने निघालो. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे झाडीनं गच्च भरलेला डोंगर, आणि गाडी त्या दोघांच्या मधून अंग चोरून जाते. मृणाल एकेक किनारा दाखवत होती. माझं मात्र दारापाशी जाऊन ये, पुन्हा बस, पुन्हा ऊठ, असं चाललेलं. माझं बूड कुठं टेकत नाही, हा जुनाच रोग आहे. अखेर लांबवर पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसली आणि मला जरा बरं वाटलं.

"लोक इथं समुद्र बघायला येतात, बाबा," मृणाल म्हणाली.

"बघू दे की. मी कुठं नको म्हणतोय?"

तिची बहुतेक सकाळची शिफ्ट. उजाडायच्या आत जायची, परत यायला चार वाजायचे. मी भात, आमटी, एखादी भाजी करून ठेवायचो आणि तिची वाट बघायचो. घरातलं माणूस कामावरून यायचं असताना आपण आधी जेवून मोकळं व्हायचं, हे आमच्यात बसत नाही. मृणालची आई माझ्या सेकंड शिफ्टलासुद्धा थांबायची. तेव्हा मी तिच्यावर चिडायचो. आता माझी पाळी होती.

पण चारपर्यंत करायचं काय? टीव्ही लावायचा, बंद करायचा. बाहेर पडायचं, एक स्टेशन पुढं जायचं, उगाच परत यायचं. रस्त्यात भेटेल तो "हाउ यू गोइंग, मेट?" असं विचारतो. मी नीट सांगायला सुरुवात करीपर्यंत गडी पुढच्या कोपऱ्यावर पोचलेला असतो. पहिले दोन दिवस वाईट वाटलं, मग मीही तसंच विचारून पुढं जायला लागलो.

एकदा मृणाल फोनवर कुणाला तरी म्हणाली, "आर्व्होला (म्हणजे दुपारनंतर) नाही जमणार, आय हॅव कंपनी." इथं घरी पाहुणा आला की तोही कंपनीच. घ्या. जन्मभर कंपनीत होतो, आता स्वतःच कंपनी झालो, तीही मुलीच्या आड येणारी. त्या दिवशी मी भात नुसता कालवत बसलो. तीही नुसती ताटात चिवडत होती. मला वाटलं, पोरगी दमली असेल.

एका गुरुवारी चार वाजून गेले तरी ती आली नाही. आमटी दोनदा गरम केली. तिसऱ्यांदा करायच्या ऐवजी चप्पल पायात घातली आणि तरातरा बंदरावर गेलो. तिथल्या दगडी धक्क्यावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याच्यापाशी पोचलो आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. सकाळपासून पोटात नुसता चहा, त्यात शुगरची गोळी. मी मटकन खाली बसलो.

म्हाताऱ्यानं गळ बाजूला ठेवला. "डायबेटिक?" मी मान हलवली. त्यानं डब्यातून जॅम लावलेला पाव काढून माझ्या हातात दिला, माझ्याच मोबाइलवरून मृणालला फोन लावला आणि शेजारी येऊन बसला. नाव गोरान, मूळचा मॅसिडोनियाचा. धुराड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, सगळी नोकरी तिथंच केली. मी म्हटलं, मीपण कंपनीतलाच. त्यानं मान डोलावली. तो पाण्याकडे बघत होता, मी धुराड्यांकडे. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच एका जागी स्वस्थ बसलो.

शिफ्ट लांबली होती, मृणाल युनिफॉर्ममध्येच धावत आली. बरोबर तिची मैत्रीण सिमरन, तिच्याच वॉर्डातली.

"जेवला नाहीत?" मृणालनं विचारलं.

"तू यायची होतीस ना."

सिमरननं कपाळाला हात लावला. "अंकल, ये तो रोज एक बजे हमारे साथ वॉर्ड के टी-रूम में खा लेती है. फिर घर जाके आपके साथ दुबारा."

"सिमरन, तू गप बस."

"अगं, मग सांगायचं नाही का?" मी म्हटलं. "मी तुझ्यासाठी थांबतोय, आणि तू?"

"तुम्ही थांबता म्हणून मी पुन्हा जेवते." मृणाल माझ्याजवळ दगडावरच बसली. तिचे डोळे भरून आले होते. "मागच्या दिवाळीत घरी आले तेव्हा बघितलं, बाबा. तुम्ही ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, कढईतूनच खाता. आई गेल्यापासून टेबलावर बसला नाहीत तुम्ही. म्हणून बोलावलं. तुम्हाला कंपनी हवी होती, मला नाही. मला सिमरन आहे, टी-रूम आहे."

मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग रडूच आलं. गोराननं तोंड समुद्राकडे फिरवलं आणि गळ पुन्हा पाण्यात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून मी एकच्या ठोक्याला टेबलावर बसून एकटा जेवायला लागलो. चारला ती आली की फक्त चहा. कायमचं राहणार नाही, हे मी तिला चहावरच सांगितलं. "इथं मी तुझी वाट बघत बसणार आणि तू मला सांभाळत बसणार. दोघांनाही ते झेपायचं नाही." तिनं कप उचलले आणि विसळायला घेतले. एअरपोर्टवर माझ्या शर्टाची कॉलर नीट करता करता म्हणाली, "बसून जेवायचं. तेवढं करा."

चिंचवडला आल्यावर कुलकर्ण्यांनी विचारलं, "काय, नवी कंपनी सोडली वाटतं?" म्हटलं, नाही, शिफ्ट बदलून घेतली.

आज सकाळी पोहे केले आणि सवयीनं ओट्याला टेकून कढईत चमचा घातला. घड्याळाकडे लक्ष गेलं. तिकडे एक वाजला असेल, टी-रूममध्ये डबे उघडले असतील. मी बशी घेतली, पोहे वाढून घेतले, टेबलाखालची खुर्ची ओढली. त्या खुर्चीवर इतकी धूळ होती की आधी पुसावी लागली. मग बसलो.