आमची शनिवारची पत्रकार परिषद

मी आयुष्यात फुटबॉलला एकदाही नीट लाथ मारलेली नाही. शाळेत क्रिकेट खेळलो, तेही सीमारेषेजवळ, चेंडू फारसा येणार नाही अशी जागा शोधून. तरी गेली कित्येक वर्षं मी व्हर्जिनियात, हर्नडनच्या आमच्या टाउनहाउसात, शनिवारी सकाळी सातला उठून इंग्लंडमधले सामने बघतो. तिकडे दुपार झालेली असते, इकडे चहा व्हायचा असतो. बायको विचारते, यात तुला काय दिसतं? तिला मी खरं उत्तर कधी दिलं नाही. मला खेळ आवडतो, पण त्याहून जास्त तिथले मॅनेजर आवडतात.

तिकडे संघाच्या प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. सामन्याच्या आदल्या दिवशी तो पत्रकारांसमोर बसतो आणि समोरच्या संघाच्या मॅनेजरबद्दल वाटेल ते बोलतो. तो रडका आहे, त्याला पंच घाबरतात, त्याने इतका पैसा ओतूनही चषकांचं कपाट रिकामंच आहे. मग दुसरा उत्तर देतो. आठवडाभर हे चालतं. सामना संपला की दोघांना मैदानाच्या कडेला हस्तांदोलन करावं लागतं, आणि कॅमेरे त्या हस्तांदोलनावर रोखलेले असतात. हात किती वेळ धरला, डोळ्यांत बघितलं की नाही, यावर पुन्हा दोन दिवस चर्चा.

मला हे का आवडावं, ते मला आता थोडंफार कळतं. मी बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यातली बरीचशी वर्षं व्हिसावर गेली. व्हिसावरचा माणूस मीटिंगमध्ये मोठ्याने बोलत नाही. वरच्याने चूक केली तरी 'गुड पॉइंट' म्हणतो. सोमवार ते शुक्रवार मी असाच वागायचो आणि शनिवारी कोणालाच न घाबरणारी माणसं बघायचो.

माझा मित्र नागपूरचा. मी एका क्लबचा, तो त्याच्या कट्टर वैऱ्याचा. आळीपाळीने एकमेकांच्या बेसमेंटमध्ये पाच-सहा जण जमायचो, पोहे व्हायचे, आणि सामना सुरू होण्याआधी आमची पत्रकार परिषद व्हायची. हा आमचा रिवाज कसा सुरू झाला ते आठवत नाही. घडीच्या टेबलामागे आम्ही दोघं बसायचो, समोर पाण्याच्या बाटल्या, माइक म्हणून पोह्यांचा कालथा. बाकीचे पत्रकार व्हायचे. तो आपल्या मॅनेजरच्या वतीने बोलायचा, मी माझ्या. नियम दोनच होते. परिषदेत काहीही बोललं तरी चालेल, आणि सामना संपल्यावर निकाल काहीही असो, उभं राहून हात मिळवायचा.

तो माझ्यापेक्षा चांगला बोलायचा, हे कबूल करतो. 'विरोधी मॅनेजर पुण्याचे आहेत, दुपारी एक ते चार बचाव करत नाहीत,' असं तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा आणि लोक पोटं धरायचे. मी घरी जाताना गाडीत उत्तरं जुळवत बसायचो. पुढच्या शनिवारसाठी. पन्नाशीला आलेला माणूस, रूट सातवर सिग्नलला थांबून स्वतःशी टोमणे पुटपुटतो आहे.

आता ऑगस्टमधल्या ज्या शनिवारबद्दल लिहायचं आहे त्याकडे येतो. त्याआधी ग्रीन कार्डाबद्दल सांगावं लागेल.

मला ते मिळून काही वर्षं झाली. माझा अर्ज वेळेत लागला होता, यात माझं कर्तृत्व काही नाही. मित्र माझ्यानंतर आला. त्याच्या जुन्या कंपनीने कागदपत्रं सुरू केली होती, तेवढ्यात मी त्याला म्हटलं, इकडे आमच्या कंपनीत ये, हे लोक ग्रीन कार्डाचा अर्ज पटकन फाइल करतात. तो आला. ते लोक पटकन फाइल करेनात. आज करतो, पुढच्या तिमाहीत करतो, असं करत दोन वर्षं गेली आणि तो रांगेत तेवढा मागे गेला. भारतीयांची ती रांग किती हळू सरकते ते इथे प्रत्येकाला माहीत आहे. आई-वडिलांच्या अर्जावर मुलांनाही कार्ड मिळतं, पण मूल एकवीस वर्षांचं झालं की सहसा ते त्या अर्जातून बाहेर पडतं. मित्राची मुलगी तीन वर्षांची असताना इथे आली. त्या शनिवारी ती वीस वर्षांची होती आणि काही आठवड्यांनी एकवीस होणार होती. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

परिषद त्याच्या घरी होती. त्याने आधी बोलून घेतलं होतं आणि माझी बरीच शोभा केली होती. मग एकाने कालथा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, विरोधी संघाच्या यंदाच्या संधीबद्दल काय सांगाल? त्याच्या क्लबने कित्येक वर्षं स्पर्धा जिंकली नव्हती, त्यामुळे प्रश्न साधाच होता.

मी म्हणालो, "त्यांना रांगेत उभं राहायची सवय झाली आहे. मैदानात रांग, घरात रांग. नंबर येईल हो कधीतरी. तोवर पोरं घर सोडून गेलेली असतील."

सगळे हसले. एक जण सोफ्यावरून घसरला. मित्र सर्वांत मोठ्याने हसला, टेबलावर थाप मारून. एक बाटली आडवी झाली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, पहिल्यांदाच मी परिषद जिंकली होती. सामना झाला, आम्ही हरलो, मी उभा राहिलो आणि आम्ही हात मिळवला. हात नेहमीसारखाच होता. निदान मला तसा वाटला.

पुढच्या शनिवारी त्याचा मेसेज आला, काम आहे, जमणार नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मुलीला कॉलेजला सोडायचं होतं. तिसऱ्या वेळी मेसेज आलाच नाही.

मला अर्थ लागेना. ग्रुपवर तो सगळ्यांच्या वाढदिवसाला केक टाकायचा, माझ्याही मेसेजवर अंगठा दाखवायचा. ऑफिसात आम्ही आता वेगवेगळ्या इमारतीत होतो, पण कॉफीपाशी भेटला तर छान बोलायचा. मुलांबद्दल, छताच्या गळतीबद्दल. फुटबॉलबद्दल अक्षर नाही. मग मी एक मूर्खपणा केला. मॅनेजर गप्प बसला की दुसरा त्याला डिवचतो, हे मी इतकी वर्षं बघत आलो होतो. मला वाटलं, हा डाव टाकतो आहे. मी त्याला डिवचणारे मेसेज पाठवू लागलो. तुमचे मॅनेजर पत्रकारांना घाबरतात का, वगैरे. त्याने अंगठा दाखवला.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, सॉरी म्हण. मी विचारलं, नक्की कशासाठी? ती म्हणाली, ते तुला माहीत नसेल तर जाऊ नकोस.

मी नक्की कशासाठी ते शोधू लागलो. कंपनी बदलायला लावली म्हणून? रांगेचं बोललो म्हणून? लोकांसमोर बोललो म्हणून? पण बोलायचंच असतं तिथे, तो आमचा नियम होता, आणि त्यानेही मला काय काय म्हटलेलं होतं. त्याच सुमारास आमच्या दोन क्लबांच्या मॅनेजरांचं खरंच जुंपलं होतं. एक जण दुसऱ्याच्या स्वभावावरच घसरला. मी रोज वाचत होतो, जणू तिथे माझं उत्तर सापडेल. मग एक फोटो आला. त्यांच्यातला चषकाचा एक सामना संपल्यावर स्टेडियमच्या आतल्या बोळात ते दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. मला फसवल्यासारखं झालं. म्हणजे हे सगळं नाटक होतं? आणि मागोमाग दुसरा प्रश्न आला, जो अजून पाठ सोडत नाही. त्यांचं नाटक होतं, तर माझं काय होतं?

कारण मी जेव्हा 'पोरं घर सोडून गेलेली असतील' म्हणालो, तेव्हा मला कुठेतरी गोड वाटलं होतं. लोक हसले म्हणून तर वाटलंच, पण त्याच्याही आधी. तो माझ्याहून चांगला बोलतो, चांगलं काम करतो, त्याची मुलगी माझ्या मुलापेक्षा हुशार आहे. फक्त एका बाबतीत मी पुढे होतो. ते मला एकदा मोठ्याने म्हणायचं होतं. असं असेल का? मला नक्की सांगता येत नाही. पण नसेल, असंही म्हणवत नाही.

ऑक्टोबर संपता संपता आमच्या दोन क्लबांचा पुन्हा सामना होता. मी टीव्ही लावला नाही. सामना संपत आला असेल अशा वेळेला त्याच्या घरी गेलो. तो समोरच्या हिरवळीवर रेकने गळलेली पानं ओढत होता. भरलेल्या कागदी पिशव्या ड्राइव्हवेला लावून ठेवल्या होत्या. मला बघून त्याने मान हलवली आणि ओढत राहिला. गराज उघडं होतं, मी आतून दुसरा रेक घेतला. थोडा वेळ आम्ही दोघं पानंच ओढत होतो.

"मॅच सोडून आला का बे?" तो म्हणाला.

"त्या दिवशी मी रांगेचं बोललो," मी म्हणालो. घरून पाठ करून आणलेलं सगळं एवढ्यातच संपलं.

"तू तर बोलतच राहते. मी हसलो ना."

"हसलास. म्हणून तर मला कळेना."

त्याने रेक जमिनीत टेकवला. "मी हसलो, तेच तर. पोरगी जिन्यात होती. पोहे घ्यायला खाली येऊन राहिली होती. तुझं ऐकलं तिने, मग माझं हसणं ऐकलं. प्लेट न घेताच वर गेली. संध्याकाळी मला विचारते, बाबा, वॉज इट फनी?"

मी विचारलं, तू काय म्हणालास. तो म्हणाला, मॅचचं बोलत होतो आम्ही, असं सांगितलं तिला.

मला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. मित्राने मला वाट करून दिली होती, तीच पकडून मी घरी जाऊ शकलो असतो. पण इतके आठवडे मी याच एका गोष्टीपाशी येऊन अडत होतो.

"मी मॅचचं बोलत नव्हतो," मी म्हणालो.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि पुन्हा पानं ओढू लागला.

मग मी घाईघाईने ते दुसरंही सांगितलं, की कंपनी बदलायला मीच लावली, तू मागे पडलास तो माझ्यामुळे. त्याने हात झटकला. "ते राहू दे. ते तू मनापासून सांगितलं होतं." ज्या सल्ल्याने त्याची दोन वर्षं गेली, तो त्याने केव्हाच सोडून दिला होता. ज्या वाक्याने त्याचं कागदावर काहीच गेलं नाही, ते तो ऑगस्टपासून उचलून फिरत होता. हा हिशेब मला अजून जमत नाही.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली, गाडीची किल्ली हातात घेऊन. मागच्या महिन्यात ती एकवीसची झाली. आता ती वडिलांच्या व्हिसावर नाही, विद्यार्थी म्हणून वेगळ्या कागदावर आहे, आणि पुढच्या शिक्षणासाठी कॅनडाला जायचं बघते आहे, हे मला बायकोकडून कळलं होतं. मी तिला थांबवलं. मराठीत म्हणालो, त्या दिवशी मी तुझ्या बाबांना जे म्हणालो ते वाईट होतं, मुद्दाम होतं, आणि मला त्याची लाज वाटते.

"इट्स ओके, काका," ती लगेच म्हणाली. त्या सुरात मी 'गुड पॉइंट' म्हणतो. मग ती दोन पावलं गाडीकडे गेली आणि वळली.

"ॲक्चुअली, इट्स नॉट. पण यू केम. सो." आणि तिने खांदे उडवले.

जाता जाता तिने विचारलं, आज तुमची मॅच ना, कोण जिंकतंय? आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कोणालाच माहीत नव्हतं. तिने फोन काढून सांगितलं, वन-वन, संपली. मग ती गाडी मागे घेऊन निघून गेली. तिला वाट देण्यासाठी आम्हाला पिशव्या बाजूला ओढाव्या लागल्या.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मित्राने उजवा हातमोजा काढला आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला. सामना संपला होता, आणि सामना संपल्यावर निकाल काहीही असो हात मिळवायचा, हा आमचा नियम. तो नियम पाळत होता की आणखी काही सांगत होता, हे मला कळलं नाही. त्याच्या डोळ्यांत बघावं की नाही तेही सुचलं नाही. हात गार होता, आणि मला वाटतं त्याने तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ धरला. कदाचित मीच सोडला नसेल.

मग त्याने हातमोजा चढवला आणि रिकामी पिशवी माझ्याकडे फेकली.

"तोंड धर नीट," तो म्हणाला. "मागच्या वेळी सगळी पानं बाहेर सांडली होती."

मागच्या वेळी मी नव्हतो. पण मी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि तो पानं आत लोटू लागला.