झिरपणाऱ्या विजेचे वैरी

माणसाच्या बोटांवर आमच्या चाचांइतका राग असलेला इसम उभ्या अरबस्तानात सापडायचा नाही. थुवालच्या आमच्या प्रयोगशाळेत ते तारांच्या जोडणीचं काम करत. मूळचे दापोलीकडचे, शिक्षण दहावीपर्यंत. पण अतिथंड नमुन्यातून जाणारी, नसल्यासारखीच बारीक वीज मोजायची तर भल्याभल्या डॉक्टरेटवाल्यांना त्यांचे पाय धरावे लागत. बोटाच्या घामाचा ठसा उमटला की त्यातून वीज झिरपते, म्हणून ते दारातच सगळ्यांचे हात तपासत. एकदा आमचे प्रोफेसर हुफूफच्या खजुरांचा डबा घेऊन थेट आत शिरले. चाचांनी त्यांना तीनदा हात धुवायला लावले, डबा बाहेर नेला, चार खजूर तिथेच उभ्याने खाल्ले आणि स्वतःही हात धुऊन आले. केबल हलली तरी तिच्यात वीज उठते, म्हणून मोजणी चालू असताना आम्हाला चालायची बंदी. एका पाहुण्या बाईंना शिंक येऊ लागली, तर चाचांनी असं काही पाहिलं की बाईंनी ती गिळलीच.

त्यांची खरी भक्ती मात्र गार्डवर. मधल्या तारेवर जेवढं व्होल्टेज, तेवढंच तिच्याभोवतीच्या जाळीवर ठेवायचं, याला गार्ड म्हणतात. त्याने काय होतं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दोन्ही खाचरांत पाणी सारखंच असलं, तर बांधातून झिरपेल कशाला?"

एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले असताना आकडे डोलायला लागले आणि मी माझी अक्कल पाजळून ती जाळी सरळ अर्थिंगला जोडली. आकडे स्थिर झाले. जिथून वीज जायलाच नको, त्या नमुन्यातून ती चक्क वाहत होती! मी हुरळलो आणि शोध लागल्याची वर्दी प्रोफेसरांना दिली. त्यांनी ती दुसऱ्या विद्यापीठाला कळवली. तिथे त्यांना काहीच सापडलं नाही. सापडणार कुठून? माझी वीज नमुन्यातली नव्हतीच, तारेतून जाळीत झिरपलेली होती.

प्रोफेसर तणतणत आले. "ही जोडणी कोणाची?" माझी वेडीवाकडी क्लिप चाचांनी एका नजरेत ओळखली. मी बोलेन म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "इथली जोडणी चाचाच करतात." त्यांचा करार त्या महिन्यात संपत होता आणि इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, त्यावरच अवलंबून होता, हे मला ठाऊक होतं. माझाही करार संपत होता. माझा वाढला, त्यांचा नाही.

जायच्या दिवशी त्यांनी तासभर बसून मला गार्ड लावायला शिकवलं. मी निर्लज्जासारखा वहीत उतरवून घेत होतो. "आता चुकायचं नाय हां, सर," एवढंच म्हणाले.

अजून ईदला त्यांचा फोन येतो. परवा म्हणाले, "नात सायन्सला जातेय. तुमच्यासारकी झाली म्हणजे झालं."

"चाचा, माझ्यासारखी नको," मी कसंबसं म्हणालो.

ते मनापासून हसले. त्यांना तो माझा विनय वाटला. त्या दिवसाच्या खोटेपणाची माफी मागायला मी तोंड उघडलं, तर तोवर त्यांनी फोन नातीच्या हातात दिला होता, आणि ती मोठ्या आदराने म्हणत होती, "सलाम, सर."