कुवेतहून परतलेली कॅसेट

पनवेलच्या घरात एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून नावेदने स्टुडिओ केला, पण आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवणारा ऑडिओ इंटरफेस निवडायला त्याने महिनोन्‌महिने घोळ घातला. जो तो दुकानदार माइकचंच पुराण लावायचा. "मला गायचं नाहीये हो!" नावेद खेकसायचा. "जुना टेपरेकॉर्डर जोडायचाय. तुमच्या डबड्याने स्वतःची खरखर घातलेली मला चालणार नाही."

तो लहान असताना अब्बा कुवेतला वारले. मय्यतीबरोबर आलेल्या बॅगेत एक कॅसेट निघाली. अम्मीने, हव्वाबीने, ती कधी कुणाला लावू दिली नाही. आता फीत इतकी जीर्ण झाली होती की फार तर एकदा वाजली असती. त्या एका खेपेत अब्बांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये धरायचा होता.

शेवटी मनासारखा इंटरफेस मिळाला. अम्मी शेजारी येऊन बसली. नावेदने बटण दाबलं.

"अब्बा, मला लाइटवालं घड्याळ आणा. आणि बूट. मागचे लहान झाले."

आवाज त्याचाच होता, लहानपणीचा.

अम्मी पांढरीफटक पडली. "कॅसेट एकच होती रे," ती पुटपुटली. "त्यांचं ऐकायचं, त्यावरच आपलं भरायचं आणि जाणाऱ्याच्या हाती पाठवायची. फीत वाया नको म्हणून दोन्ही बाजू पार शेवटपर्यंत भरायचो. त्यांचा जबाब राहूनच गेला."

मागण्या संपता संपत नव्हत्या. एकेक शब्द लख्ख येत होता, खरखर नावालाही नव्हती.

"आता तुम्ही बोला, अब्बा," पोरगं म्हणालं, आणि टेपचं बटण खटकन वर आलं.