हबच्या नकाशात बावीस हमाल

पोत्यांची थप्पी लागते तशी किस्स्यांचीही लागते. खालचं पोतं ओढलं की सारी थप्पी अंगावर येते. म्हणून मी वरून एकेक उतरवतो, तुम्ही झेला.

मी चौथी शिकलो. सडक अर्जुनीच्या नाक्यावर हमालांचा मुकादम आहे. ट्रक आला की माणसं लावायची आणि नाही आला की त्याच माणसांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. टोळीत बावीस जण.

दोन वर्षांपासून आमच्याकडे लॉजिस्टिक हबचा प्लॅन सुरू आहे. मोठ्या शहरात ट्रक मावून नाही राहिले, म्हणून साऱ्या व्यापाऱ्यांचा माल हायवेवर एकाच गोदामात उतरवायचा अन् तिथून वाटायचा. चांगली गोष्ट आहे. पण नाक्यावरचे ट्रक उद्या हबच्या गेटात शिरले, तर माझे बावीस जण गेटाच्या आत की बाहेर? मी एवढंच विचारून राहिलो. त्याचं उत्तर सोडून बाकी सगळं ऐकायला भेटलं!

*

पहिले आले ट्रक मोजायला. प्लॅनवाले साहेब, चष्मा, वही, पाण्याची बाटली. अंगात खाकी शर्ट. हायवेच्या कडेला खुर्ची टाकून बसले.

खाकी दिसली की ड्रायव्हर विचार करत नाही. पहिल्यानं समोरच्याला लाईट मारला, त्यानं त्याच्या समोरच्याला. घंट्याभरात सारे ट्रक गावातल्या रस्त्यानं! गावात बायांना हापशीवर जाता येईना, अन् हायवेवर कुत्री झोपली.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "काका, तुमच्याकडे ट्रक फारच कमी हो. दिवसभरात नऊ."

"त्यातले दोन तर मीच पाहिले. एकच ट्रक होता, पत्ता विचारायले वापस आला होता."

"मग काय करू?"

"उद्या पांढरा शर्ट घालून या."

दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून बसले. रायपूरकडच्या एका ड्रायव्हरनं लांबूनच पाहिलं अन् मागच्याला ओरडून सांगितलं, "मोड़ ले भाई, आज तो बड़ा साहब खुद बैठा है!"

त्या दिवशी मोजणीत चारच ट्रक भरले.

*

मग जागा पाहिली. पाहिली म्हणजे कॉम्प्युटरवर. वरून काढलेला फोटो, मे महिन्यातला. साहेब खूश! "काका, सपाट जमीन, सरकारी मालकी, एक झाड नाही, एक घर नाही, अतिक्रमण नाही. अशी जागा सापडत नाही!"

मी म्हटलं, "सापडतच नाही. पावसाळ्यात ती पाण्याखाली राहते. मालगुजाराच्या काळचा तलाव हाय तो!"

विश्वास बसला नाही. खुणा गाडायची तारीख ऑफिसातून ठरून आली होती, ऑगस्टमधली. तारीख बदलत नाही म्हणे. पाणी बदलेल! मग तलावात मासे धरणाऱ्या सीतारामच्या डोंग्यात बसून साहेब खुणा गाडायला निघाले. दगड तर बुडून राहिले, म्हणून बांबू गाडले. गेटाचे दोन, वजनकाट्याचे चार, पार्किंगचे बारा.

सीतारामनं फक्त एक विचारलं, "साहेब, ट्रकाईले पोहता येते का जी?"

साहेब गेल्यावर त्यानं साऱ्या बांबूंना जाळी बांधली. महिन्यानं साहेब पाहणीला आले, काठावरूनच पाहिलं अन् रिपोर्टात लिहिलं : 'प्रकल्पाच्या जागेवर स्थानिक व्यवसाय सुरू झाला आहे.'

पुढं जागा बदलली. कोणी बदलली, कायले बदलली, त्याचा रिपोर्ट नाही.

*

'सामाईक वाहतूक' म्हणून एक निघालं. अर्धे ट्रक अर्धे रिकामे फिरतात, तर दोघांचा माल एकाच ट्रकात टाकायचा. आमगावचा तांदूळ होता अन् सालेकशाची मोहफुलं होती, दारू गाळतात ती.

मी म्हटलं, "हे दोन एकाजागी टाकू नका."

"काऊन?" साहेबांना तोवर आमची भाषा लागली होती.

"वास."

"पॅकिंग आहे काका."

ताडपत्री बांधली अन् ट्रक तीन दिवस उन्हात उभा राहिला, कारण माल उतरवायचा टाईम आता मोबाईलवर येणार होता, तो आलाच नाही. तांदळाचा व्यापारी माझ्यावरच धावून आला, "मुकादम, गिऱ्हाईक शिव्या देऊन राहिलं! म्हणते, तुमचा भात खाऊन सासरा अंगणात नाचला!"

पंधरा दिवसांनी व्यापाऱ्याला त्याच गिऱ्हाईकाचा फोन आला. "भैया, चावल वही वाला भेजना."

*

एकदा आम्हाला हॉलमध्ये बोलावलं. आमच्या गळ्यात नावाचे पट्टे घातले, हातात पिवळ्या चिठ्ठ्या दिल्या. हबकडून काय अपेक्षा ते लिहा म्हणे. आमचा भिवराम टोळीतला सगळ्यात जुना गडी, त्याला लिहिता येत नाही. त्यानं माझ्याकडून लिहून घेतलं : 'संडास पायजे.'

जेवणानंतर पडद्यावर चित्र आलं. हिरवळ, बाक, मधात कारंजं. खाली लिहिलेलं, 'वेलनेस झोन'.

भिवराम हळूच म्हणाला, "मुकादम, हे का होय?"

"तुहा संडास."

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग उभा राहून कारंज्याकडं बोट केलं, "साहेब, इथंच बसायचं का जी?"

त्याच हॉलमध्ये मी पुन्हा विचारलं, बावीस जण आत की बाहेर? साहेब म्हणाले, "नोंद घेतली." पेनाचं टोपणही काढलं नव्हतं.

*

आता शेवटचं.

नव्या जागेवर शेड उभं झालं अन् पोती उचलायची मशीन आली, फोर्कलिफ्ट. चाचणीच्या दिवशी पोती घेऊन ती शेडकडं निघाली अन् चिखलात रुतली. मग आमची टोळी. पोती पाठीवर आत नेली, बल्ल्या घातल्या, फळ्या टाकल्या, मशीन उचलून सिमेंटवर ठेवली. साहेब म्हणाले, "आता जरा बाजूला व्हा, फोटो काढतो."

महिन्यानं प्लॅनचं कच्चं पुस्तक आलं. फोटोत एकटी मशीन. खाली लिहिलेलं : 'चाचणी यशस्वी. हमाल लागतात : शून्य.' मी टोळीला वाचून दाखवलं. भिवरामनं अर्धी बिडी विझवून कानावर ठेवली.

चार दिवसांनी मोठे साहेब पाहणीला आले. त्यांना दाखवायला मशीन बाहेर काढली अन् ती ऐन गेटात रुतली. गाडी आत, मोठे साहेब गाडीत, बाहेर निघायला दुसरा रस्ता नाही. आमचे साहेब नाक्यावर धावत आले, बुटाला किलोभर चिखल.

"काका, लवकर माणसं पाठवा!"

"किती?"

"सगळी!"

मी पुस्तक काढलं, बोट ठेवून वाचलं, "हमाल लागतात, शून्य. शून्य पाठवले साहेब. पोहोचले असतीन, मोजून घ्या."

"काका, मोठे साहेब अडकून आहेत!"

"आमीबी दोन वर्षं अडकून आहो."

साहेबांनी चष्मा पुसला. "हे कच्चं पुस्तक आहे. दुरुस्ती होते."

"मंग करा."

पुस्तक गुडघ्यावर धरून त्यांनी शून्य खोडलं, 'बावीस' लिहिलं. मी म्हटलं, "गेटाच्या आत." तेही लिहिलं. मग चिखल तुडवत गेले, गाडीच्या खिडकीतून मोठ्या साहेबांची सही घेतली अन् वापस आणून माझ्या हातात दिलं.

मी सही दोनदा पाहिली. मागं वळलो. सारे पिंपळाखाली बसून माझ्याकडंच पाहत होते.

"उठा बे! आता पुस्तकात आपण आहो!"