टेहळणी विमानाच्या पुस्तकाला हळद

कॉलेजात जर्मनचा वर्ग लावला तेव्हा त्याचा उपयोग काय, हे मला घरी नीट सांगता आलं नव्हतं. मग पळसदरीच्या एका निवृत्त इंजिनिअर सरांनी काम दिलं. महायुद्धातल्या जर्मन बॉम्बफेकी आणि टेहळणी विमानांची मूळ तांत्रिक पुस्तकं त्यांनी जमवली आहेत. तेव्हाचे मेकॅनिक वापरायचे, तीच. आकृत्यांखालच्या मजकुराचा मराठीत अर्थ लिहायचा, एवढंच माझं काम. परक्याच्या बंगल्यावर मुलीनं जायचं नाही, असं बाबांचं म्हणणं. म्हणून सर एकेक पुस्तक घरी नेऊ द्यायचे.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ करून आले, तर पूजेच्या पाटावर, दादाच्या गॅरेजातल्या पान्यांशेजारी, सगळ्या पुस्तकांच्या वर टेहळणी विमानाचं ते पुस्तक. राखाडी पुठ्ठ्यावर हळदीचं ओलं बोट उमटलेलं, वर कुंकू.

"आई गं, ते सरांचं हाय!"

"मग? पुस्तकच हाय ना? सगळ्यांत जाड, म्हनून वर ठेवलं."

"लढाईचं विमान हाय त्यात," दादा हसला. "हत्यारांच्या पूजेत चालतंय."

मी हात पुढे केला तर आईनं मनगट धरलं. "पूजेचं पुस्तक उद्यापर्यंत हलवायचं नाय. तुझं शिक्षन हाय ते."

तेवढ्यात सरांचा फोन आला. ते आमच्या जवळच, शिळफाट्याला आले होते. पाहुण्यांना ते पुस्तक दाखवायचं होतं, जाता जाता घेऊन जाणार होते. मी "हो सर" म्हणाले. हळद पुठ्ठ्यात मुरत चालली होती.

"लई महाग हाय का गं?" आईनं हळूच विचारलं.

"महागाचं नाय. दुसरं मिळत नाय."

आईनं मनगट सोडलं. पाटावर अक्षता वाहिल्या, हात जोडले, पुस्तक जरासं सरकवलं आणि स्वतःच उचलून माझ्या हातात दिलं. कुंकू मी फुंकरीनं उडवलं. हळद राहिली.

सर आले. पुस्तक उजेडात धरून त्यांनी डागावरून अंगठा फिरवला. रागावले असते तर बरं, असं मला वाटलं.

"हा डाग आता जायचा नाही," ते म्हणाले. "यापुढे पुस्तक बाहेर देणार नाही मी. काम करायचं असेल तर बंगल्यावर यावं लागेल."

बाबा खाली मान घालून बसले होते. म्हणजे संपलं.

"येईल ती," आई म्हणाली. "मी येऊन बसंन सोबत. चालंल ना साहेब?"

सरांनी मान डोलावली.

"आन् घरचं?" बाबांनी विचारलं.

"तुमी हाय की," म्हणत आई सरांना द्यायला आपट्याची पानं आणायला आत गेली.