एक विनोद, मग चहा

पॉलिशवाल्याला तिथं पाय ठेवताक्षणी शिसारी आली. कानाच्या डॉक्टरांची ती बसायची खोली. रविवारी दवाखाना बंद, म्हणून कानात सतत आवाज वाजणाऱ्या लोकांना बैठकीसाठी दिलेली. फिनेलचा वास, चिकट प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि टेबलावर प्लास्टरचा भलामोठा कान, त्याच्या भोकात कुणीतरी बिस्किटाचं वेष्टन कोंबलेलं. स्टीलच्या भांड्यांना चकाकी देण्यात पॉलिशवाल्याचा जन्म गेला होता. यंत्राच्या किंचाळण्यानं कान अधू झाले आणि किंचाळणं तेवढं आत राहून गेलं. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे त्याला कळेना.

तो स्वतःहून थोडाच आला होता! बायकोनं बजावलं होतं, "या रविवारी तिथं चला, नाहीतर मी भावाकडे निघाले. मग बसा त्या शिट्टीशी संसार करत." ती हल्ली घरात तोंडच उघडत नसे, म्हणून हे ऐकून तो चरकला आणि मुकाट्यानं तिच्यासोबत निघाला.

बैठकीचा नियम एकच. रडगाणं गायचं नाही. नव्या माणसानं स्वतःच्या कानावर एक विनोद सांगायचा, मगच त्याला चहा.

"माझ्या कानात अखंड बेल वाजते," निवृत्त बस कंडक्टर म्हणाला, "पण मेली बस काही सुटत नाही!"

खोली खदखदली. कंडक्टर मांडी बडवत, तोंडातला बिस्किटाचा लगदा दाखवत स्वतःच हसत होता. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "माझी तर शाळा सुटते हो दिवसभर, घरी मात्र कुणी सोडत नाही." परत तेच खिंकाळणं. पॉलिशवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं दुखणं असं चघळत बसायला या निर्लज्जांना लाज कशी वाटत नाही?

"हं, आता तुम्ही," कंडक्टर म्हणाला.

"मला विनोद येत नाहीत. एकदा वाटलं, फ्रीज किरकिरतोय. बंद केला. दूध नासलं. बस्स."

"फ्रीज नंतर," बायको एकदम म्हणाली. "आधी पंखा."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग तूच सांग ना!" तो करवादला.

आणि तिनं सांगितलं. पंखा काढून माळ्यावर टाकला. भिंतीवरचं घड्याळ शेजाऱ्यांना देऊन टाकलं. "घामानं निथळत बसले होते, आणि मला विचारतात कसे, अजून काय चालू आहे गं घरात?" लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीही हसत होती, इतकी की तिच्या किडलेल्या दाढा दिसत होत्या.

"मग राहिले मीच," ती म्हणाली. "मला म्हणाले, तुझ्या बोलण्यानं वाढतं, तू बोलूच नकोस. नाही बोलले मी. सबंध वर्ष! आता तुम्हीच विचारा त्यांना, थांबला का आवाज?"

कंडक्टरनं पुन्हा मांडी बडवली. कुणीतरी दोघांपुढे चहा ठेवला. बायको गाल पुसत अजून हसतच होती. आता पॉलिशवाल्याला स्वतःचीच किळस आली होती.

"सांगा की, थांबला का?" शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि सगळ्यांत मोठा हशा त्यालाच मिळाला.